सिमेंटचा भाव कोणीं ठरवावा?

घर बांधावयास काढलेला गृहस्थ गवंड्याशीं मजुरीची घासाघीस करितो, विटा तीन भट्ट्यांवर पाहून घेतो, वाळूच्या गाडीमागें थोडे पैसे कमी व्हावेत म्हणून दोन खेपा अधिक घालतो. परंतु सिमेंटच्या दुकानीं त्याची ही सारी हुशारी थंडावते. या दुकानांत जो भाव तोच पलीकडच्या दुकानांत. एका कारखान्याच्या पोत्याला जो भाव, त्याच्या आसपासच दुसऱ्याच्या पोत्याला. भाव चढला तर सर्वांचा चढतो, आणि बहुधा एकाच आठवड्यांत चढतो. अशा वेळीं त्याच्या मनांत सहज येतें कीं, हे सारे विकणारे आंतून एक झाले असावेत. त्यापाठोपाठ दुसरा विचार येतो कीं, मग सरकार काय करितें? सरकारनेंच एकदां भाव ठरवून टाकला तर काय बिघडेल?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं, आणि सोपाही नाहीं. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत भारतांतील सिमेंटच्या पोत्यानें भाव ठरविण्याच्या तीन तऱ्हा पाहिल्या आहेत. कांहीं काळ तो विकणाऱ्यांनीं एकत्र बसून ठरविला. कांहीं काळ सरकारनें ठरविला. आणि आतां तो बाजारांतील चढाओढीनें ठरावा, सरकारनें केवळ त्या चढाओढीवर पहारा ठेवावा, अशी व्यवस्था आहे. उद्योगधंद्यांवर सरकारचें नियंत्रण कसलें असावें व किती असावें, याचा धडा इतक्या स्वच्छपणें शिकविणारा दुसरा माल क्वचितच सापडेल.

प्रथम या मालाचा स्वभाव समजून घेणें अवश्य आहे. सिमेंट होतें तें मुख्यतः चुनखडीच्या दगडापासून. चुनखडी व माती यांची पूड फिरत्या भट्टींत सुमारें १४५० अंश सेंटिग्रेड उष्णतेनें भाजली म्हणजे तिचे कठीण खडे बनतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यांत थोडा जिप्सम घालून ते दळले कीं सिमेंट तयार होतें. या साध्या कृतींतूनच चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, कारखाना चुनखडीच्या खाणीशेजारीं उभारावा लागतो. महाराष्ट्रांत हा दगड चंद्रपूर-यवतमाळकडे विपुल, तर इमारतींची गर्दी मुंबई-पुण्याकडे. मध्यें शेंकडों मैलांची वाट. माल जड आणि वजनाच्या मानानें स्वस्त असल्यामुळें वाहतुकीचें भाडें हा त्याच्या किंमतीचा मोठा भाग होऊन बसतो. म्हणून एका प्रदेशाला सिमेंट पुरविणारे कारखाने नेहमींच मोजके असतात. दुसरी गोष्ट, भट्टी उभारावयास भांडवल फार लागतें, आणि एकदां पेटविलेली भट्टी वारंवार विझविणें परवडत नाहीं. तिसरी, सिमेंट फार दिवस सांठवून ठेवतां येत नाहीं. दमट हवेंत तीन महिन्यांनंतर त्याचा जोर घटूं लागतो. त्यामुळें ज्याला त्याला माल खपविण्याची घाई असते. आणि चवथी, ठरलेल्या प्रतीचें सिमेंट असल्यास एका कारखान्याच्या व दुसऱ्या कारखान्याच्या मालांत फारसा भेद नसतो. म्हणून गिऱ्हाइकाला आपल्याकडे ओढण्याचें मुख्य साधन म्हणजे भाव.

या चार गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे या धंद्याचें वर्म कळतें. येथें चढाओढ सुरू झाली तर ती जीवघेणी होते. आणि ती थांबवावयाचें मनांत आलें तर त्याला मोठी खटपट लागत नाहीं. मोजकीं माणसें एका टेबलाभोंवतीं बसलीं कीं काम झालें.

इतिहासांत नेमकें हेंच घडलें. मद्रासेकडे १९०४ सालीं झालेला प्रयत्न फसल्यावर १९१४ सालीं पोरबंदर येथें सिमेंटचें उत्पादन यशस्वीपणें सुरू झालें. पाठोपाठ कटनी येथें व बुंदी संस्थानांतील लाखेरी येथें कारखाने निघाले. पहिल्या महायुद्धांत परदेशी मालाची आवक रोडावली, सरकारची मागणी वाढली आणि या कारखान्यांना चांगले दिवस आले. तो नफा पाहून युद्धानंतर आणखी कारखाने उभे राहिले. १९२४ च्या सुमारास स्थिति अशी झाली कीं, देशाला जितकें सिमेंट हवें त्याहून अधिक करण्याची शक्ति कारखान्यांत आली. भाव कोसळले, खर्चही निघेना, कांहीं कंपन्या बुडाल्या. तेव्हां कारखानदार संरक्षक जकात मागण्यासाठीं टॅरिफ बोर्डाकडे गेले. बोर्डानें केलेलें निदान आजही वाचनीय वाटेल असें आहे. भाव परदेशी मालामुळें पडलेले नसून देशांतील कारखान्यांच्या आपसांतील चढाओढीमुळें पडले आहेत, असें बोर्डानें दाखवून दिलें. रोग घरांत असतां वेशीवर पहारा बसवून काय उपयोग?

मग कारखानदारांनीं आपला उपाय आपणच शोधला. प्रथम त्यांनीं एक संघ स्थापून भावांना आळा घातला. १९२७ सालीं सिमेंटच्या उपयोगाचा प्रसार करण्यासाठीं काँक्रीट असोसिएशन निघाली. १९३० सालीं सिमेंट मार्केटिंग कंपनी स्थापन झाली. प्रत्येक कारखान्यानें किती माल विकावयाचा याचा वांटा ठरला व विक्री एका हातीं आली. शेवटीं १९३६ सालीं टाटा, खटाव, किलिक निक्सन व एफ. ई. दिनशॉ या चार गटांतील दहा कंपन्या मिळून असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही एकच मोठी कंपनी मुंबईस जन्माला आली. या एकीकरणासाठीं ज्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, ते दिनशॉ त्याच वर्षाच्या आरंभीं, कार्य सिद्धीस जाण्यापूर्वींच वारले.

या एकीकरणाला केवळ लोभ म्हणणें अन्यायाचें होईल. एका कारखान्याचा माल दुसऱ्याच्या दारावरून शेंकडों मैल पुढें न्यावयाचा व त्याचा इकडे आणावयाचा, हा वेडेपणा त्यामुळें थांबला. बुडत्या कारखान्यांना आधार मिळाला. मालाची प्रत सुधारली. परंतु ज्या टेबलाभोंवतीं बसून गाडीभाड्याची बचत ठरली, त्याच टेबलाभोंवतीं गिऱ्हाइकानें काय द्यावयाचें हेंही ठरूं लागलें, आणि त्या टेबलाशीं गिऱ्हाइकाची खुर्ची नव्हती. विकणाऱ्यांनीं संगनमतानें भाव ठरवूं नये, असा स्वतंत्र कायदाही तेव्हां देशांत नव्हता. थोड्याच काळानें दालमिया गटानें स्वतःचे कारखाने काढून या मोठ्या कंपनीशीं सामना मांडला. पुन्हां भाव घसरले, पुन्हां दोन्ही पक्ष घायकुतीला आले, आणि १९४१ सालीं दोघांनीं समेट करून आपली विक्री पुन्हां एका हातीं सोंपविली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत तीच कथा दोनदां घडली. तिचें तात्पर्य असें कीं, अशा धंद्यांतील चढाओढ ही आपोआप टिकणारी वस्तु नव्हे. शेतांतलें तण काढावें लागतें, तसें तिला राखणदार लागतो.

दुसरी तऱ्हा आली ती युद्धामुळें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, सरकारनें सिमेंटचा भाव व त्याचें वांटप हीं दोन्ही आपल्या हातीं घेतलीं. विमानतळ, बराकी, धक्के यांना सिमेंट आधीं लागणार, हें उघड होतें. परंतु युद्ध संपलें तरी नियंत्रण संपलें नाहीं. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानें नवा कारखाना काढण्यास व जुना वाढविण्यास सरकारी परवाना आवश्यक झाला. १९५६ सालीं वांटपाचें काम राज्य व्यापार महामंडळाकडे गेलें. १९६६ च्या आरंभीं नियंत्रण उठलें, पण दोन वर्षांतच, १९६८ सालीं, तें परत आलें आणि पुढें चौदा वर्षें अखंड राहिलें.

या नियंत्रणामागील हेतु वाईट नव्हता. धरणें, कालवे, पूल व शाळा यांना रास्त भावानें सिमेंट मिळावें. दूरच्या आसामांतल्या गिऱ्हाइकाला खाणीशेजारच्या गिऱ्हाइकापेक्षां अधिक दाम पडूं नये. टंचाईच्या काळीं श्रीमंतानें सारा माल उचलूं नये, हे हेतु कोणाही सज्जनाला पटण्यासारखे आहेत. त्यासाठीं सरकारनें कारखान्याला मिळावयाची किंमत ठरविली, सर्वांचें गाडीभाडें एका खात्यांत घालून देशभर रेल्वे स्टेशनावरील भाव सारखा केला, आणि सामान्य माणसाला परवान्यावर पोतीं देण्याची व्यवस्था लाविली.

प्रत्यक्षांत काय झालें? ठरविलेली किंमत कमी, खर्च मात्र वाढता. त्यामुळें नव्या भट्टींत पैसा घालावयास कोणी धजेना. डोंगरच्या डोंगर चुनखडीचे असलेल्या देशांत सिमेंट दुर्मिळ झालें. भाडें सर्वांना सारखें असल्यामुळें गिऱ्हाइकाजवळ कारखाना काढण्याचें कारण उरलें नाहीं. उत्तरेचा माल दक्षिणेस गेला तरी त्याचा भार कोणा एकाच्या अंगावर पडत नसे, तो सर्वांच्या अंगावर पडे. परवान्याच्या पद्धतीचा अनुभव तर ज्यांनीं त्या काळांत घरें बांधलीं त्यांना विसरतां येण्यासारखा नाहीं. न्हाणीघराची भिंत पडली तरी अर्ज, विहिरीला कठडा बांधावयाचा तरी अर्ज, अर्जावर शिफारस, शिफारशीवर शिक्का, आणि शिक्का मिळाल्यावर दुकानदाराचें उत्तर, "माल आला नाहीं." तोच माल मागल्या दारानें अधिक दामानें मिळे, आणि पुष्कळदां त्यांत राख मिसळलेली असे. कागदावरचा भाव स्वस्त होता. परंतु कागदावरच्या भावानें भिंत उभी राहत नाहीं.

याहून मोठी हानि निराळीच होती. ज्या वस्तूचा सरकारी भाव व बाजारभाव यांत मोठें अंतर असतें, ती वस्तु देण्याचा अधिकार हीच एक दौलत बनते. १९८१ सालीं महाराष्ट्रांत सिमेंटच्या वांटपाचा देणग्यांशीं संबंध जोडला गेल्याचा आरोप झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें, आणि जानेवारी १९८२ मधील त्याच्या निकालानंतर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिला. व्यक्तीचा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. पोत्यापोत्यावर सही करण्याचा अधिकार निर्माण केल्यावर त्या सहीचा बाजार भरूं नये, अशी अपेक्षा करणें म्हणजे मधाचें बोट लावून मुंग्यांना दोष देणें होय.

याच काळांत मक्तेदारीविरुद्ध एक कायदाही झाला, त्याचा उल्लेख केल्यावांचून ही हकीगत पुरी होणार नाहीं. आर्थिक सत्ता थोड्या घराण्यांच्या हातीं एकवटत आहे काय, हें पाहण्यासाठीं १९६४ सालीं न्यायमूर्ति दासगुप्त यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला गेला, आणि त्याच्या अहवालानंतर १९६९ सालीं मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायदा मंजूर झाला. तो १ जून १९७० पासून अंमलांत आला. या कायद्याची दृष्टि मुख्यतः आकारावर होती. ज्या उद्योगसमूहाची मालमत्ता २० कोटी रुपयांवर, त्यानें वाढ करण्यापूर्वीं सरकारची संमति घ्यावी, असा त्याचा दंडक होता. परंतु सिमेंटच्या भट्टीला भांडवल फार लागतें. तें ज्यांच्यापाशीं होतें त्यांचीच वाट या दंडकानें अडविली. एकीकडे परवान्यावांचून नवा प्रतिस्पर्धी आंत येऊं शकत नव्हता, दुसरीकडे मोठ्याला वाढतां येत नव्हतें. म्हणजे आंत बसलेल्यांना सरकारनेंच तटबंदी करून दिली होती. आणि संगनमत सिद्ध झालेंच, तर "पुन्हां असें करूं नये" अशी आज्ञा देण्यापलीकडे त्या आयोगाच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें.

१९८२ च्या फेब्रुवारींत नियंत्रण सैल झालें. जुन्या कारखान्यांनीं दोन-तृतीयांश व नव्या कारखान्यांनीं निम्मा माल सरकारी भावानें द्यावा, बाकीचा वाटेल त्या भावानें विकावा, असें ठरलें. सरकारी वांटा पुढें हळूहळू कमी होत गेला, आणि १ मार्च १९८९ रोजीं नियंत्रण पुरतें उठलें. १९९१ सालीं परवान्याची अटही गेली. परिणाम लवकर दिसला. १९८१-८२ मध्यें देशांत सुमारें २ कोटी टन सिमेंट होत असे; आठ वर्षांत तें दुपटीवर गेलें. २०२३-२४ मध्यें तें ४० कोटी टनांच्या वर होतें. ज्या वस्तूसाठीं शिफारशी लागत, ती कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळूं लागली.

येथें कथा संपली असती तर बरें झालें असतें. परंतु नियंत्रण गेलें तरी मालाचा स्वभाव गेला नव्हता. तोच जड माल, तेच मोजके कारखानदार, तेंच टेबल. १९३० सालीं जो मोह झाला, तो २००० नंतर होणार नाहीं, असें मानण्यास कांहींच आधार नव्हता. म्हणून तिसऱ्या तऱ्हेच्या नियंत्रणाची गरज उत्पन्न झाली. १९९९ सालीं नेमलेल्या राघवन समितीच्या शिफारशीवरून २००२ सालीं स्पर्धा कायदा मंजूर झाला. न्यायालयीन वाद व दुरुस्त्या यांत वर्षें गेल्यामुळें त्याचीं मुख्य कलमें २० मे २००९ पासून लागू झालीं, आणि त्याच वर्षीं मक्तेदारीचा जुना कायदा रद्द झाला.

या नव्या कायद्याचें मर्म थोडक्यांत असें. सरकार भाव ठरवीत नाहीं. भाव कसा ठरला एवढेंच पाहतें. मोठें असणें हा अपराध नव्हे. मोठेपणाच्या बळावर दुसऱ्याची वाट अडविणें हा अपराध होय. दोन मोठ्या कंपन्या एक होऊं पाहतील तर त्यांनीं आधीं स्पर्धा आयोगाची संमति घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एकाच मालाच्या विक्रेत्यांनीं आपसांत भाव ठरविणें, उत्पादन आंखडणें, प्रदेश वांटून घेणें किंवा लिलावांत व टेंडरांत संगनमत करणें, यानें चढाओढीस बाध येतो असेंच कायदा गृहीत धरितो. अशा संगनमताच्या प्रत्येक वर्षासाठीं नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या एक-दशांशापर्यंत, यांपैकीं जो अधिक तो दंड होऊं शकतो. आणि संगनमतांत सामील असलेला जो पहिला येऊन सर्व हकीगत उघड करील, त्याचा दंड माफही होऊं शकतो. चोरांच्या टोळींत परस्परांविषयीं अविश्वास उत्पन्न करावा, अशी ही योजना आहे. हा विचार पाश्चात्यांकडूनच आला असें मानण्याचें कारण नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'कंटकशोधन' या अधिकरणांत असें सांगितलें आहे कीं, व्यापाऱ्यांनीं एकजूट करून माल अडवून धरिला अथवा गैरवाजवी भावानें विकला, तर त्यांस एक हजार पण दंड करावा. समाजाच्या पायांत रुतणाऱ्या कांट्यांतच त्यानें अशा एकजुटीची गणना केली आहे.

परंतु कायदा लिहिणें सोपें, संगनमत सिद्ध करणें अवघड. चार कारखान्यांचे भाव एकाच आठवड्यांत चढले एवढ्यावरून ते एक झाले असें म्हणतां येईल काय? परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. दोन विद्यार्थ्यांच्या पत्रिकांत एकच बरोबर उत्तर असेल तर त्यावरून कोणीं कोणाचें पाहिलें हें सिद्ध होत नाहीं. दोघांनींही अभ्यास केला असेल. तसेंच कोळसा महागला, डिझेल महागलें, तर सर्वांचे भाव एकदम चढणें स्वाभाविक आहे. शिवाय विक्रेते मोजके असले म्हणजे एकानें भाव वाढविला हें दुसऱ्याला तत्काळ कळतें, व न बोलतांही तो त्याचें अनुकरण करूं शकतो. परंतु दोन्ही पत्रिकांत एकाच ठिकाणीं एकच विचित्र चूक आढळली, आणि दोघे शेजारीं बसले होते असेंही दिसलें, तर परीक्षकाची भुंवई उंचावते. संगनमताचा शोध हा मुख्यतः अशा विचित्र चुकांचा शोध असतो. मागणी असतां सर्वांनींच उत्पादन कमी कां ठेवावें? एकट्यानें तसें केलें तर त्याचें गिऱ्हाइक शेजारी नेईल. शेजारीही तसेंच करणार आहे, ही खात्री असल्यावांचून असें वर्तन तोट्याचें आहे.

सिमेंटच्या प्रकरणांत नेमका हाच वाद झाला. २०१० सालीं इमारती बांधणाऱ्या ठेकेदारांच्या अखिल भारतीय संस्थेनें स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाच्या महासंचालकांनीं चौकशी केली. कारखानदारांच्या संघाकडून सभासदांचे भाव, उत्पादन व रवानगी यांची माहिती गोळा होऊन सर्वांना कळत असे. संघाच्या बैठकांनंतर भाव चढल्याचें आढळलें. आणि भट्ट्यांत शक्ति असतां ती पुरती वापरली गेली नाहीं, असाही निष्कर्ष निघाला. कारखानदारांचें म्हणणें असें होतें कीं, भावांतील साम्य हा अशा धंद्याचा धर्मच आहे, मागणीही मंद होती, आणि एकमेकांशीं करार केल्याचा प्रत्यक्ष पुरावा कोठेंही नाहीं. आयोगानें उत्तर दिलें कीं, असे करार कोणी स्टँपपेपरवर लिहून ठेवीत नाहीं. परिस्थितिजन्य पुरावा पुरेसा आहे. जून २०१२ मध्यें त्यानें अकरा कंपन्यांना मिळून सुमारें ६,३०० कोटी रुपये दंड केला. दोन वर्षांच्या निव्वळ नफ्याचा निम्मा भाग, असें त्याचें माप होतें.

पुढें जें घडलें तें या विषयांतील सर्वांत मोठा धडा आहे. डिसेंबर २०१५ मध्यें अपील न्यायाधिकरणानें हा निकाल रद्द केला. कारखानदार निर्दोष ठरले म्हणून नव्हे, तर पक्षकारांचें तोंडी म्हणणें ऐकण्यास जे हजर नव्हते, त्या अध्यक्षांनीं निकालावर सही केली होती म्हणून. ज्यानें ऐकलें त्यानेंच निर्णय द्यावा, हें न्यायाचें आद्य तत्त्व. प्रकरण परत आयोगाकडे गेलें. फेरसुनावणी होऊन ऑगस्ट २०१६ मध्यें पुन्हां मोठा दंड बसला. जुलै २०१८ मध्यें अपील न्यायाधिकरणानें तो कायम केला. आणि त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें अपिलें दाखल करून घेऊन दंडाचा एक-दशांश भाग भरण्यास सांगितलें. म्हणजे तक्रारीपासून या टप्प्यापर्यंत पोहोंचण्यासच आठ वर्षें लागलीं. तक्रारीच्या वेळीं ज्या घराचा पाया खणला जात होता, त्या घराला एव्हांना दुसऱ्यांदा रंग लागला असेल.

ही दिरंगाई पाहून कोणी म्हणेल, "यापेक्षां जुनें नियंत्रण काय वाईट? निदान भाव तरी ठरलेला होता." कोणी उलट म्हणेल, "पहारा हवा कशाला? बाजार आपलें पाहून घेईल." पहिल्याला परवान्याच्या रांगेचें व राख मिसळलेल्या पोत्याचें स्मरण द्यावें. दुसऱ्याला १९३० व १९४१ या सालांचें स्मरण द्यावें. बंद दारामागें कारखानदारांनीं भाव ठरविला काय किंवा कचेरींत अधिकाऱ्यांनीं ठरविला काय, दोन्ही ठिकाणीं गिऱ्हाइकाच्या हातीं असलेलें एकमेव बळ नाहींसें होतें. तें बळ म्हणजे एका दुकानाची पायरी उतरून दुसऱ्याची चढण्याची मोकळीक. त्या मोकळिकीचें रक्षण करणें हेंच सरकारचें खरें काम. कुस्तीच्या फडांत पंचानें स्वतः लंगोट कसूं नये, आणि आखाडा सोडून घरींही जाऊं नये.

मात्र पंचाचें काम हें तिन्ही कामांत अधिक कठीण आहे, हें विसरून चालणार नाहीं. भाव ठरविण्यास एक हुकूम पुरतो. भाव कसा ठरला हें शोधण्यास आंकड्यांचें ज्ञान, कायद्याची जाण आणि चिकाटी लागते. नियम मोडणाऱ्यास शिक्षा करणाऱ्यानें स्वतः नियमाचें तंतोतंत पालन करावें लागतें. नाहीं तर एका सहीपायीं वर्षांची मेहनत वाया जाते. आयोगाला पुरेशीं व जाणतीं माणसें मिळालीं, अपिलें वेळेवर निकालांत निघालीं, आणि नगरपालिका, बांधकाम खातीं व ठेकेदार यांनीं आपल्या टेंडरांची व खरेदीच्या भावांची टिपणें नीट ठेवलीं, तर पुराव्याचें अर्धें काम आधींच होऊन जाईल. संगनमताला सर्वांत मोठी भीति दंडाची नसते. कोणीतरी मागच्या वर्षाचें भावाचें कागद काढून शेजारीं शेजारीं मांडील, याची असते.

घर बांधणारा गृहस्थ दुकानाच्या पायरीवर अजून उभाच आहे. त्याला सरकारकडून स्वस्त सिमेंट नको. त्याच्यापुढें असलेल्या दोन दुकानदारांना एकमेकांची थोडी धास्ती असावी, एवढेंच त्याला हवें. तेवढी धास्ती टिकून राहिली, तर पोत्याचा भाव काय असावा हें कोणी सांगण्याची गरज उरत नाहीं.